गालबोट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने केली, तेव्हा मी चिटणीसबाईंना विचारले, "विषय कोणता घेऊ?" त्या म्हणाल्या, "कोणताही घ्या. पण मागच्या वर्षी कार्यक्रमाला जे गालबोट लागले, तसे यंदा लागू नये एवढे पाहा." मागच्या वर्षी काय झाले ते आपणां सर्वांना ठाऊक आहेच. स्वागतगीताच्या दुसऱ्या कडव्याला पेटी एका पट्टीत राहिली आणि आम्ही साऱ्याजणी दुसऱ्याच पट्टीत निघून गेलो. पाहुण्या सभ्य होत्या, त्यांनी हसू पदराआड लपविले.

घरी जाताना तो 'गालबोट' शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालावे, टाळू भरावी, धुरी द्यावी, अंगडे-टोपडे चढवावे आणि सर्व झाल्यावर आजीने काजळाचे बोट त्याच्या गालाला लावावे, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे, पुष्कळजणींनी केलेही आहे. पोर अगदी निर्दोष दिसू नये, कोठेतरी एक काळा ठिपका असावा, म्हणजे त्याला दृष्ट लागायची नाही, अशी त्यामागची समजूत. आता गंमत पाहा. जो ठिपका आपण मायेने, हौसेने, स्वतःच्या हाताने लावतो, त्याच ठिपक्याचे नाव समारंभात काही उणे घडले की आपण कपाळाला आठ्या घालून घेतो. शब्द एकच. एकीकडे त्यात माया आहे, दुसरीकडे नाराजी.

दृष्ट खरोखर लागते की नाही ह्या वादात मी शिरत नाही. पण त्या आजीला एक गोष्ट कळलेली होती. ज्याच्यावर प्रेम करावयाचे ते निर्दोष असलेच पाहिजे असे नाही. आज मी ह्या गालबोटाची बाजू आपल्यापुढे मांडणार आहे. सरसकट नव्हे, कारण काही डाग असे आहेत की त्यांची बाजू कोणीच घेऊ नये. तेही शेवटी बोलेन.

आधी माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे उपदेश केल्यासारखे होणार नाही.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी विणकर पाठीवर गाठोडे घेऊन घरोघर येत. असाच एक म्हातारा कोष्टी आमच्या ओसरीवर बसला आणि त्याने करवतकाठी कोशाची साडी उलगडली. मधासारखा रंग, काठ लालभडक. मला ती फार आवडली. परंतु आवडले असे दाखवू नये, ही बाजारहाटाची पहिली शिकवण. मी साडी उजेडात धरली, बोट फिरविले आणि म्हटले, "बाबा, हा धागा पाहा कसा जाड-बारीक आहे. इथे गाठ, तिथे गाठ. हे काय पुऱ्या किमतीचे कापड झाले?" म्हातारा म्हणाला, "बाई, कोसा आहे तो. कोशात गाठ राहतेच." मी ऐकले नाही. त्या गाठींचे म्हणून मी त्याचे पन्नास रुपये कापले. त्याने साडीची घडी घातली, पैसे मोजले नाहीत, तसेच कनवटीला लावले आणि निघून गेला. मला त्या दिवशी मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले होते.

भगिनींनो, त्या गाठी कोठून येतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तुतीवरचा रेशमाचा किडा घरात, टोपलीत, सावलीत वाढतो. त्याचा धागा लांब आणि सारखा निघतो. कोशाचा किडा रानातला. आपल्या भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागात ऐन आणि अर्जुन ह्या झाडांवर तो उघड्यावर वाढतो आणि ढिवर समाजाची माणसे रानात राहून त्याची राखण करतात. पाऊस, वारा, मुंग्या, पाखरे ह्या सर्वांतून जो किडा वाचतो, तो फांदीला देठाने टांगलेला कडक कोष बांधतो. हा कोष सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करावा लागतो, तेव्हा कोठे त्याचा धागा सुटतो. तो धागा मुळातच चपटा आणि कमीजास्त जाडीचा असतो. त्याचा मधासारखा रंगही रंगाऱ्याने दिलेला नाही, कोशाचा तो अंगचाच. म्हणजे ज्या गाठीवर मी बोट ठेवले, ती विणकराची हयगय नव्हती. ते रान होते, त्यातले झाड होते, त्यावरचा पाऊस होता.

आणि विणकराचे काम? करवतकाठीचे अंग कोशाचे आणि काठ सुती. अंगाला एक आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालवावे लागतात. काठ आणि अंग एकमेकांत अडकवीत नेले म्हणजे जोडावर करवतीच्या दात्यांसारखी ओळ उमटते. नागपूरच्या कोष्टीवस्त्यांत, पवनीला, आंधळगावला हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. ह्या करवतकाठीला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सरकारने ज्याला मानाचे कापड म्हटले, त्याच्यात मी खोट काढून पन्नास रुपये वाचविले होते.

माझे डोळे असे का झाले होते, ह्याचाही मी विचार केला. आपल्या नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या गिरणीने हजारो घरे जगविली, गोरगरिबांना स्वस्त कापड दिले. तिला मी नावे ठेवणार नाही. पण गिरणीच्या कापडाने आपल्या नजरेला एक वळण लावले. सारखे ते चांगले, कमीजास्त ते वाईट. हा नियम गिरणीच्या कापडाला बरोबर आहे, कारण यंत्राचा धागा कमीजास्त झाला तर यंत्र बिघडलेले असते. तोच नियम आपण हाताच्या कामाला लावू लागलो. पुढे स्वयंपाकाला लावला, मुलींना लावला. एम्प्रेस मिल आज नाही. नजरेचे वळण मात्र राहिले आहे.

त्या नजरेने मला शिक्षाही केली. नंतर एकदा मी दुकानातून अगदी गुळगुळीत, एकही गाठ नसलेली 'कोसा' साडी मोठ्या खुशीने घेतली. धुण्यात तिचा एक दोरा सुटला, तो एका जाणत्या बाईंनी काडेपेटीच्या काडीवर धरला. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. माझा दोरा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. निर्दोष कापड मागितले होते, ते मिळाले. फक्त ते कोशाचे नव्हते.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, "मग काय, जे जे ओबडधोबड ते ते सुंदर म्हणावयाचे?" नाही. आणि ह्याच कोशाच्या गोष्टीत त्याचे उत्तर आहे.

छत्तीसगड, झारखंड, बिहार ह्या प्रांतांत कोशाचा धागा काढण्याचे काम परंपरेने बायका करीत आल्या आहेत. शिजविलेल्या कोषांची टोके एका हाताने ओढावयाची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने ती आपल्या उघड्या मांडीवर वळावयाची, अशी ती रीत. दिवसभर, वर्षानुवर्षे. मांडीची कातडी सोलते, जखमा होतात, घट्टे पडतात. त्या धाग्याच्या जाड-बारीकपणाचे कौतुक शहरातल्या प्रदर्शनांत होते. धागा वळणारीची मांडी मात्र कोणी पाहत नाही. ही उणीव सुंदर म्हणणे मला पाप वाटते. केंद्रीय रेशीम मंडळाने ह्या कामासाठी 'बुनियाद' नावाचे यंत्र पुढे आणले आणि अलीकडच्या काही वर्षांत मांडीवर धागा काढण्याची रीत बंद करण्याचे प्रयत्न चालले आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे.

यंत्र आले तर कोशाचे कोसेपण जाईल अशी भीती मला आधी वाटली होती. पण कोशाचा जाड-बारीकपणा पुष्कळसा किड्याकडून आणि झाडाकडून आलेला, तो यंत्राने धागा काढला तरी अंगी राहतोच. जखमेचे मात्र काहीच काम नव्हते. ह्यावरून मी माझ्यापुरता एक हिशेब बांधला आहे. समोर एखादी उणीव आली की दोन प्रश्न विचारावेत. ही उणीव हयगयीतून आली आहे की हातातून, स्वभावातून, परिस्थितीतून? आणि हिच्यापायी कोणाला दुखते आहे का? हयगयीतून आली असेल तर ती सुधारावी. कोणाला दुखत असेल तर ती तत्काळ थांबवावी. दोन्ही नसेल तर ते गालबोट समजावे आणि मायेने राहू द्यावे.

कलेच्या प्रांतातले एक उदाहरण देते. कुमार गंधर्वांचे नाव कोणाला ठाऊक नाही? १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या हुबेहूब नकला करून सभा जिंकीत असे. दोष काढावयास जागा नसे. ऐन पंचविशीच्या आत त्यांना क्षयाने गाठले. हवा मानवावी म्हणून ते देवासला जाऊन राहिले आणि सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद होते. ह्या काळात त्यांची शुश्रूषा पत्नी भानुमतीबाईंनी केली. कुमारांचे नाव घेताना आपण बायकांनी तरी त्यांचे नाव घ्यावे. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारांनी माळव्यातल्या बायकांची, वाटसरूंची लोकगीते ऐकली. १९५०नंतरच्या काही वर्षांत ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. पूर्वीसारखा दमसास उरला नव्हता. त्यांनी तसा आव आणला नाही. लहान लहान तुकड्यांत, मध्येच थांबत, त्या थांबण्यालाही अर्थ देत ते गाऊ लागले, आणि लोकांना वाटू लागले की असे गाणे पूर्वी ऐकले नव्हते. क्षय चांगला असे मी म्हणत नाही. वैऱ्यालाही तो होऊ नये. पण उरलेल्या श्वासातच आपले गाणे मांडावयाचे त्यांनी ठरविले, ते महत्त्वाचे.

दूर कशाला जावे? आपल्या सक्करदऱ्याचीच गोष्ट आहे. ज्या ताजुद्दीन बाबांच्या ताजबागेत आज सर्व जातीधर्मांची माणसे उरुसाला येतात, ते बाबा अनेक वर्षे नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तेथून सन्मानाने ह्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. १९२५ साली बाबांचा देह पडला. बाबांच्या चमत्कारांविषयी ज्याची त्याची श्रद्धा. मला आठवण होते ती राजेसाहेबांच्या नजरेची. साऱ्या गावाने ज्याला 'बिघडलेला' म्हणून बाजूला ठेवले, त्याच्यात ह्या माणसाला दुसरे काही दिसले.

आता आपल्या घराकडे वळू. आज फराळाला सांबारवड्या आहेत. मघाशी स्वयंपाकघरात डोकावले तेव्हा परातीतल्या वड्यांच्या घड्या पाहून ही कोणाच्या हातची आणि ती कोणाच्या हातची, हे मी न विचारता सांगितले. एकीची घडी बसकी, एकीचे तोंड जरा उघडे. यंत्राने शंभर वड्या सारख्या केल्या असत्या, पण त्यात कोणाचा हात ओळखू आला नसता. घरातली गोधडी, कोणी तिला वाकळ म्हणते, तिचेही तसेच. जुन्या लुगड्यांचे थर, वरून धावदोरा. टाके कोठे जवळ, कोठे लांब. जेथे लांब झाले तेथे रात्री दिव्याशी आईला डुलकी लागली होती, हे ती पांघरणाऱ्या लेकराला कळते. जपानात फुटलेला वाडगा लाखेने सांधून त्या सांध्यावर सोन्याची पूड लावण्याची कला आहे, असे आता सर्वत्र कौतुकाने सांगतात. कौतुक योग्यच आहे. आपल्या आयांनी तेच काम सुती दोऱ्याने केले, म्हणून ते आपल्याला दिसले नाही इतकेच.

आपल्या मुलींची गोष्ट मात्र अशी हसत सांगता येत नाही. परवा आमच्या नात्यातल्या एका मुलीचा फोटो स्थळाला पाठविला. मोबाईलमध्ये हल्ली अशी सोय असते म्हणे, की चेहऱ्यावरचे डाग जातात आणि रंगही उजळतो. तो फोटो पाहून ती पोर मला म्हणाली, "आजी, ह्यात मी कुठे आहे?" मला उत्तर सुचले नाही. तिच्या हनुवटीवर लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खूण आहे, ती फोटोत नव्हती. ती पडली तेव्हा तिला उचलून दवाखान्यात नेणारी मीच होते. जी खूण मला तिची ओळख वाटते, ती तिच्या लग्नाच्या बाजारात खोट ठरली होती. चाळीस वर्षांपूर्वी मी साडी उजेडात धरून गाठी मोजल्या, तसेच कोणी तिला उजेडात धरून पाहणार, ह्या कल्पनेने मला झोप आली नाही.

आणि आता आपल्या मंडळाविषयी, रागावणार नसाल तर. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. लहानपणी आम्ही घरोघर जाऊन गाणी म्हणत असू. कोणाचा सूर लागे, कोणाचा लागत नसे. कोणाला शब्द आठवत नसत, ती टाळ्या वाजवी आणि खिरापत ओळखण्यात पुढे असे. कोणी कोणाला गप्प बस म्हणाले नाही. काही वर्षांपूर्वी आपण भुलाबाईच्या गाण्यांची स्पर्धा सुरू केली. हेतू चांगला होता, गाणी टिकावीत. त्यात परीक्षक आले, गुण आले, सारख्या रंगाच्या साड्या आल्या. गाणी खरोखर सुरेख होऊ लागली. पण आपल्यातल्या एक ज्येष्ठ बाई, ज्यांना इतरांपेक्षा दुप्पट गाणी तोंडपाठ होती, त्यांचा आवाज कापरा म्हणून त्यांना मागच्या रांगेत उभे केले. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. त्यांच्यापुढच्या वर्षीही नाहीत. त्यांना मागे उभे करण्याच्या सूचनेला मान डोलावणाऱ्यांत मी होते. तो कापरा सूर हयगयीतून आला नव्हता, वयातून आला होता. त्याने कोणाला दुखतही नव्हते. दुखविले ते आपण. आणि त्यांच्याबरोबर जी गाणी घरी बसली आहेत, ती आपल्या वहीत कोठेच उतरलेली नाहीत.

म्हणून मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवते. यंदाची भुलाबाई बिनगुणांची करू या. स्पर्धा पाहिजेच असेल तर ती दुसऱ्या दिवशी असावी. त्या बाईंकडे आपण चौघीजणी उद्याच जाऊ, क्षमा मागू आणि त्यांची गाणी त्यांच्याच आवाजात उतरवून घेऊ. दुसरे, दिवाळीआधी साड्यांचे प्रदर्शन भरवितो तेव्हा भंडारा-पवनीकडच्या विणकरांना बोलावू आणि गाठीसाठी कोणीही पैसे कापणार नाही अशी पाटी मी स्वतः दारावर लावीन. माझे पन्नास रुपये ज्याचे होते तो आता भेटणार नाही, पण त्याच्या वस्तीतले कोणी भेटेल. तिसरे, वधू-वर सूचक वहीत मुलींचे फोटो आहेत तसे, खुणांसकट लावू या. मुलांचेही.

आमच्या कोषाध्यक्षबाईंनी मात्र हे भाषण फार मनावर घेऊ नये. जमाखर्चात उणे आले तर ते गालबोट म्हणून मी मान्य करणार नाही. औषधाचा डोस, पोराचा पोलिओचा दिवस आणि मंडळाचा हिशेब ह्या गोष्टी बिनचूकच पाहिजेत.

थोड्या वेळाने स्वागतगीत गाणाऱ्या आम्ही त्याच आहोत, पेटीही तीच आहे. तालीम चार वेळा मन लावून केली आहे, हयगय केलेली नाही. तरीही दुसऱ्या कडव्याला काही झालेच, तर चिटणीसबाईंनी ते बाळाच्या गालावरचे समजावे.